चौसष्ट घरं आणि सात मूळ संख्या

१८४४६७४४०७३७०९५५१६१५.

वीस अंक आहेत. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. ही संख्या तुम्ही अशी पूर्ण लिहिलेली बघितली नसेल कदाचित, पण तिची गोष्ट मात्र लहानपणी ऐकलेली असणारच. बुद्धिबळ शोधून काढणारा माणूस, त्याच्यावर खूश झालेला राजा, आणि बक्षीस म्हणून पटाच्या पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत. त्या सगळ्या घरांतल्या दाण्यांची बेरीज म्हणजे ही संख्या, दोनाचा चौसष्टावा घात वजा एक.

गोष्ट सांगणारे इथे थांबतात. राजाचं कोठार रिकामं झालं, ऐकणारा थक्क झाला, झालं. मला कितीतरी वर्षं वाटत आलंय की जिथे थांबतात तिथूनच खरं बघायला सुरुवात करायला हवी. कारण मोठी असणं हा या संख्येचा सगळ्यात साधा गुण आहे, वीस अंक ओळीने लिहिले की कुठलीही संख्या एवढी मोठी होते. हिच्या पोटात जे आहे ते मात्र इतकं सुंदर बसलेलं आहे की मी ते भेटेल त्याला सांगत असते, आज इथे लिहून काढते.

माझं काम डेटाबेसचं. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्ये एक बारीकशी सूचना आहे, की अमुक ओळ सोडून पुढच्या सगळ्या ओळी हव्या असतील तर लिमिटमध्ये एखादी खूप मोठी संख्या द्या, आणि उदाहरणात दिलेली संख्या हीच आहे, अंकन् अंक. म्हणजे जी संख्या आम्ही लोक 'सगळं दे' या अर्थाने टाईप करतो ती त्या राजाच्या दाण्यांची बेरीज आहे. चौसष्ट बिट असतात, प्रत्येकात शून्य किंवा एक, सगळ्या चौसष्टांत एक भरला की कॉम्प्युटरला त्या जागेत मावणारी सगळ्यात मोठी पूर्ण संख्या मिळते. पटावरचं एकेक घर म्हणजे एकेक बिट. आणि शून्यातून एक वजा कर म्हटलं, नि ऋण चिन्ह ठेवायची सोयच नसेल, तर तो मागे फिरून थेट याच संख्येवर येतो, त्यामुळे लॉगमध्ये १८४४ ने सुरू होणारा लांबलचक आकडा दिसला की आमच्यातले जुने लोक लगेच म्हणतात, कुठेतरी शून्याच्या खाली गेलंय.

आधी आकाराचं थोडक्यात आटपून टाकते. तांदळाचे हजार दाणे पंचवीस ग्रॅम धरले तर हे सगळे दाणे सेहेचाळीस हजार कोटी टनांच्या घरात जातात, आणि आज जगात वर्षाला पिकणारा तांदूळ पन्नास कोटी टनांच्या थोडा वर आहे, म्हणजे साधारण नऊशे वर्षांचं पीक झालं. आपल्याकडे स्थानांची जी जुनी नावं आहेत ती भास्कराचार्यांच्या लीलावतीत परार्धावर येऊन थांबतात, परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. ही संख्या १८४ परार्धांच्या पुढे जाते. नावं संपली तरी संख्या संपत नाही.

लीलावतीचं नाव निघालंच आहे तर त्यातलं एक गणित सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एकाने याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट द्यायचं कबूल केलं, तर महिन्याभरात किती निष्क होतील? वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. उत्तर येतं २१४७४८३६४६ कवड्या, म्हणजे १०४८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. आता या कवड्यांत एक मिळवा, २१४७४८३६४७. ज्यांनी कधी प्रोग्रॅमिंग केलंय ते इथे दचकतील, कारण बत्तीस बिटांत, ऋण संख्यांचीही सोय ठेवून, मावणारी सगळ्यात मोठी संख्या ती हीच. आणि ती मूळ संख्या आहे हे ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७७२ मध्ये सिद्ध केलं. भास्कराचार्य बाराव्या शतकातले, चाळीसगावजवळ पाटण्याला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, तसा शिलालेखच आहे तिथे. त्यांच्या त्या कवड्यांच्या शेजारच्याच घरात ऑयलरची मूळ संख्या उभी आहे हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी ऑफिसात जागेवरून उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले होते.

बरं. आता एवढी मोठी संख्या पूर्वी काढली कशी? अल-बेरुनीने इसवी सन १००० च्या आसपास कालगणनेवर जो ग्रंथ लिहिला त्यात ही संख्या शेवटच्या अंकापर्यंत बरोबर दिलेली आहे. (सिस्सा नावाच्या माणसाने राजाकडे दाणे मागितले ही गोष्ट इब्न खल्लिकानने लिहिली ती नंतर, तेराव्या शतकात.) चौसष्ट वेळा दुप्पट करत बसायची गरज नसते, वर्ग करत गेलं की झपाझप पोचता येतं. त्याच्याही कितीतरी आधी पिंगलाच्या छंदःशास्त्रात हीच युक्ती सूत्रांत बांधलेली आहे, कारण लघु-गुरूंच्या किती मांडण्या होतात हे काढायला त्याला दोनाचे घात लागत होते. संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर एक कमी करा, असं शून्यापर्यंत जा, आणि परत येताना निम्मं केलं तिथे वर्ग करा, एक कमी केला तिथे दुप्पट.

माझा भाचा नववीत होता तेव्हा आम्ही दोघांनी हे कागदावर केलं होतं. कॅल्क्युलेटर नाही, पाठकोरे कागद आणि पेन. दोन, चार, सोळा, २५६, ६५५३६ इथपर्यंत तो पटापट आला. मग ६५५३६ चा वर्ग. त्याने उभा गुणाकार मांडायला घेतला, मी म्हटलं थांब, ६५००० अधिक ५३६ कर की, तुला सूत्र येतं ना. ६५००० चा वर्ग ४२२५००००००, दोन गुणिले ६५००० गुणिले ५३६ म्हणजे ६९६८००००, आणि ५३६ चा वर्ग २८७२९६, तिन्हींची बेरीज ४२९४९६७२९६. पुढचा वर्ग दहा अंकी गुणिले दहा अंकी, तो पानभर पसरला आणि आम्ही एकमेकांची बेरीज तपासत बसलो, पण आला बरोबर, १८४४६७४४०७३७०९५५१६१६. सोळाच्या पुढे प्रत्येक वर्गाच्या शेवटी सहाच येतोय हे त्याचं त्यानेच पकडलं. "मावशी, सहाचा वर्ग छत्तीस ना, मग शेवटी सहा कायमचाच." बरोबर. म्हणून आपल्या संख्येच्या शेवटी पाच, आणि म्हणून तिला पाचाने भाग जातो.

खरी गंमत यानंतर आहे. वर्गांतराचं सूत्र शाळेत सगळ्यांनीच घोकलेलं असतं, अ वर्ग वजा ब वर्ग बरोबर अ अधिक ब गुणिले अ वजा ब. आता आपली संख्या म्हणजे ४२९४९६७२९६ चा वर्ग वजा एकाचा वर्ग. लावा सूत्र. दोन तुकडे पडतात, ४२९४९६७२९५ आणि ४२९४९६७२९७. पहिला तुकडा परत तसाच आहे, ६५५३६ चा वर्ग वजा एक, तो फुटून ६५५३५ आणि ६५५३७. ६५५३५ फुटून २५५ आणि २५७. २५५ फुटून १५ आणि १७. १५ फुटून ३ आणि ५. कुठेही भागाकार करावा लागला नाही, एकच सूत्र पायरी पायरीने खाली उतरत गेलं आणि हाती आलं: ३, ५, १७, २५७, ६५५३७, आणि तो एक मोठा तुकडा, ४२९४९६७२९७.

या सहा संख्यांना फर्मा संख्या म्हणतात. दोनाचा घात अधिक एक, आणि घातांक स्वतः दोनाचाच घात. पिअर फर्मा हा फ्रान्समधला वकील, त्याने १६४० च्या सुमारास पत्रांतून ठामपणे मत मांडलं की अशा सगळ्या संख्या मूळच असणार. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या आहेतच. आता पट डोळ्यापुढे आणा. पहिल्या दोन घरांतले दाणे ३. चार घरांतले १५, म्हणजे ३ गुणिले ५. एक पूर्ण ओळ भरली की २५५, १७ ची भर पडली. दोन ओळी, ६५५३५, २५७ आला. चार ओळी म्हणजे अर्धा पट, ४२९४९६७२९५ दाणे, वजनाला शंभर टनांच्या थोडे वर, आणि त्यात ६५५३७ आला. अर्ध्या पटापर्यंत फर्मा बरोबर आहे! घरं दुप्पट झाली की नवीन एक मूळ संख्या येऊन बसते, न चुकता. मधली रेघ ओलांडली की पुढचा मान ४२९४९६७२९७ चा, आणि फर्माच्या म्हणण्याप्रमाणे हीसुद्धा मूळ असायला हवी.

जवळजवळ शंभर वर्षं कोणी ते खोडू शकलं नाही. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवून दिलं की तिला ६४१ ने निःशेष भाग जातो. ६४१ गुणिले ६७००४१७. आणि हे आंधळेपणाने भाग देऊन शोधायची गरज नसते, कारण या संख्येचा कुठलाही अवयव ६४ च्या पटीत एक मिळवल्यावर येतो तसाच असायला लागतो, हा नियम ऑयलरने पुढे सिद्ध केला. नंतर एदुआर ल्युका याने तो अजून घट्ट केला, ६४ च्या जागी १२८ घ्या. मग यादी किती लहान होते बघा: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यातल्या १२९, ३८५, ५१३ मूळ नाहीत. २५७ ही स्वतःच फर्मा संख्या आहे आणि दोन फर्मा संख्यांत सामाईक अवयव कधी नसतो. उरली ६४१. पहिलीच!

भाग जातो हे बघायला भागाकारसुद्धा लागत नाही, आणि हा जो छोटा पुरावा आहे तो माझा गणितातला सगळ्यात लाडका. ६४१ दोन तऱ्हांनी लिहा. एक, पाच गुणिले १२८ अधिक एक. दोन, ६२५ अधिक १६, म्हणजे पाचाचा चौथा घात अधिक दोनाचा चौथा घात. पहिल्यावरून, ६४१ ने भागताना पाच गुणिले १२८ ही संख्या वजा एकासारखी वागते. तिचा चौथा घात केला की वजा एकाचा एक होतो, म्हणजे पाचाचा चौथा घात गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा घात, याची बाकी एक. आता दुसऱ्यावरून पाचाच्या चौथ्या घाताच्या जागी वजा दोनाचा चौथा घात ठेवा. दोनाचे चार आणि अठ्ठावीस मिळून बत्तीस. वजा दोनाचा बत्तिसावा घात, बाकी एक. एक इकडून तिकडे नेला की दोनाचा बत्तिसावा घात अधिक एक याला ६४१ ने पूर्ण भाग गेला. झालं एवढंच. मी हे रिक्षात बसल्या बसल्या मनात करते, दर वेळी शेवटच्या ओळीला तितकंच बरं वाटतं.

तर आपली संख्या शेवटी अशी उलगडते: ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७. सात मूळ संख्या, एकही दुसऱ्यांदा नाही. त्यामुळे हिला भाग जाणाऱ्या संख्या बरोबर १२८, दोनाचा सातवा घात. एकही परत का येत नाही त्याचं कारण त्या पायऱ्यांतच आहे. आधीच्या सगळ्या फर्मा संख्यांचा गुणाकार करून दोन मिळवले की पुढची फर्मा संख्या येते, म्हणून दोघींना एकाच संख्येने भाग जायचा तर तिने दोनालाही भाग द्यायला हवा, आणि या तर सगळ्या विषम. गोल्डबाखने १७३० मध्ये ऑयलरला पत्रात हे लिहिलं होतं, आणि यातून मूळ संख्या अनंत आहेत हेही आपोआप सिद्ध होतं, कारण प्रत्येक नवी फर्मा संख्या निदान एक तरी नवी मूळ संख्या घेऊन येते.

अर्ध्या पटाकडे परत जाते, कारण तिथे भूमिती लपलेली आहे. १७९६ च्या मार्चमध्ये गाउस या जर्मन गणितज्ञाने, एकोणीस पूर्ण व्हायला महिना बाकी असताना, सतरा बाजूंची सुसम आकृती नुसती पट्टी आणि कंपास घेऊन काढता येते हे शोधलं. विषम बाजू असतील तर बाजूंची संख्या म्हणजे वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार असायला हवा, त्याशिवाय जमत नाही, याचा राहिलेला भाग वांट्झेलने १८३७ मध्ये सिद्ध केला. आपल्याला अशा मूळ संख्या माहीत आहेत पाचच, आणि त्या पाचांचा गुणाकार म्हणजे अर्ध्या पटावरचे दाणे. म्हणजे पट्टी-कंपासने काढता येतात अशा, आज माहीत असलेल्या विषम बाजूंच्या आकृत्या ३१, आणि त्यातली सगळ्यात मोठी ४२९४९६७२९५ बाजूंची. विषुववृत्ताएवढं वर्तुळ घेतलं तरी तिची एक बाजू एक सेंटिमीटरपेक्षा कमी भरेल. ६५५३७ बाजूंच्या आकृतीची कृती योहान हेर्मेस या माणसाने दहा वर्षांहून जास्त काळ खपून लिहून काढली, १८९४ साली, ती हस्तलिखितं गटिंगनच्या विद्यापीठात एका पेटीत जपून ठेवली आहेत. काहींना हा वाया गेलेला वेळ वाटतो. मला नाही वाटत.

आणि आता मेरुप्रस्तार. पिंगलाच्या सूत्रांवर हलायुधाने दहाव्या शतकात जी टीका लिहिली त्यात हा आहे, वरच्या दोन शेजारच्या संख्यांची बेरीज खाली लिहायची, १, १ १, १ २ १, १ ३ ३ १. यात विषम असेल तिथे एक आणि सम असेल तिथे शून्य लिहा, आणि प्रत्येक ओळ द्विमान संख्या म्हणून वाचा. १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५. पहिली ओळ सोडली तर बत्तिसाव्या ओळीपर्यंत एकामागून एक ह्या त्याच ३१ आकृत्या येतात, चढत्या क्रमाने, एकही न गाळता. तेहतिसाव्या ओळीला ४२९४९६७२९७ येते, जिथे फर्मा अडखळला होता बरोबर तिथेच. आणि चौसष्टाव्या ओळीतल्या चौसष्टही संख्या विषम आहेत, म्हणजे चौसष्ट एक ओळीने, म्हणजे आपली संख्या. लघु-गुरू मोजायला केलेल्या मांडणीत गाउसच्या आकृत्या आणि राजाचे दाणे दोन्ही सापडतात, याचं मला अजूनही नवल वाटतं आणि ते कमी व्हावं अशी इच्छाही नाही.

ल्युकाचं नाव वर आलं, त्याचाही या संख्येशी आणखी एक संबंध आहे. १८८३ मध्ये त्याने हनोईचा मनोरा हे कोडं बाजारात आणलं, तीन खुंट्या आणि लहान-मोठ्या चकत्या, एका वेळी एकच हलवायची, लहानावर मोठी ठेवायची नाही. त्याला जोडून दंतकथा होती की काशीच्या देवळात सोन्याच्या चौसष्ट चकत्या आहेत आणि पुजारी त्या रात्रंदिवस हलवतायत. लागणाऱ्या चाली किती, तर नेमक्या १८४४६७४४०७३७०९५५१६१५. सेकंदाला एक चाल धरली तर ५८ हजार कोटी वर्षांच्या वर, आणि विश्वाचं वय १३८० कोटी.

एवढं झाल्यावर मी एक तपासणी केल्याशिवाय राहू शकले नाही. आपल्या देवळालीचे कापरेकर मास्तर कुठलीही संख्या मिळाली की तिच्या अंकांशी खेळायचे, अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो तिला त्यांनी हर्षद संख्या म्हटलं. आपल्या वीस अंकांची बेरीज ८७, म्हणजे ३ गुणिले २९. तीनाने भाग जातो. २९ त्या सातांत नाही. म्हणजे ही हर्षद नाही, हळहळ वाटली थोडी, पण अवयव हातात असल्यामुळे वीस अंकी भागाकार न करता एका ओळीत उत्तर मिळालं.

हिच्यापेक्षा फक्त दोनाने मोठी आहे ती पुढची फर्मा संख्या, १८४४६७४४०७३७०९५५१६१७. तिचे अवयव, २७४१७७ आणि ६७२८०४२१३१०७२१, फॉर्च्युने लाँद्रीने १८८० मध्ये हाताने काढून प्रसिद्ध केले, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. म्हणजे पट दुप्पट करून १२८ घरांचा केला तर एकूण दाण्यांचे अवयवही आपल्याकडे तयार आहेत, सात अधिक दोन, नऊ मूळ संख्या. त्याच्या पुढची पायरी ३९ अंकी, ती १९७० मध्ये मॉरिसन आणि ब्रिलहार्ट यांनी कॉम्प्युटरवर फोडली, एक अवयव १७ अंकी आणि दुसरा २२ अंकी. त्यासाठी त्यांनी वितत अपूर्णांक, म्हणजे छेदात पुन्हा अपूर्णांक असे लांबत जाणारे अपूर्णांक, वापरले होते, आणि सध्या रात्री जेवण झाल्यावर मी तीच रीत समजून घेत बसलेली असते.